तारीख लिहून ठेवा : हॉर्मोन आणि मेंदूच्या आजारांवर काम करू पाहणाऱ्यांसाठी

माझ्या मावशीला फिट यायची. गोव्यातल्या मये गावात तळ्याच्या अंगाला तिचं घर. मे महिन्याच्या सुटीत आम्ही सगळी भावंडं तिच्याकडे असायचो आणि एखाद्या दुपारी फणसाचे गरे काढता काढता ती एका बाजूला कलंडायची. आजी कांदा फोडून तिच्या नाकाशी धरायची, मामा तिच्या हातात किल्ल्यांचा जुडगा कोंबायचा. दोन्हींचा उपयोग शून्य, हे आता मला माहीत आहे. माणसाला कुशीवर वळवावं, तोंडात काही घालू नये आणि झटका किती वेळ चालला ते घड्याळात पाहावं. पाच मिनिटांच्या वर गेला तर सरळ हॉस्पिटल. तेव्हा घड्याळाकडे कुणाचं लक्ष नसे. मावशी मात्र शुद्धीवर आली की थोड्या वेळाने उठून कॅलेंडरकडे जायची.

स्वयंपाकघराच्या दाराआड कालनिर्णय टांगलेलं असे. दुधाचा हिशेब, सिलिंडर लावल्याची तारीख, कुणाचं बारसं, कुणाचं तेरावं, सगळं त्याच चौकोनांत. त्यातच पेन्सिलीच्या दोन खुणा असायच्या : पाळीच्या दिवशी बारीक गोल आणि फिट आली त्या दिवशी फुली. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एकदा सहज मागची पानं उलटून पाहिली. फुल्या बहुतेक गोलांना चिकटून होत्या. मी विचारलं तर मावशी म्हणाली, "अगो, मला हे कधीपासून ठाऊक आहे. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, योगायोग." मावशी सातवी शिकलेली.

हे सगळं सांगायचं कारण असं की, दरवर्षी दोन-चार मुलंमुली मला विचारतात, "मॅडम, हॉर्मोन आणि मेंदू यावर काम करायचं असेल तर सुरुवात कुठून करायची?" त्यांना परीक्षांची नावं, संस्थांची नावं हवी असतात. ती मी देतेच, इथेही देणार आहे. पण या विषयात तगणारा आणि न तगणारा यांत मी पाहिलेला फरक बराचसा त्या पेन्सिलीच्या खुणांसारख्या गोष्टीवर ठरतो. हॉर्मोनचं मोजमाप कोणत्या दिवशी, किती वाजता, चक्राच्या कोणत्या टप्प्यावर केलं हे लिहिलेलं नसेल तर तो आकडा कितीही महागड्या यंत्रातून आलेला असो, त्याला अर्थ नाही.

मावशीच्या खुणांना नाव आहे हे मला एमएस्सीला कळलं : कॅटामेनियल एपिलेप्सी. ग्रीकमधला शब्द, अर्थ साधाच, 'महिन्याचं'. १८५७ साली लंडनच्या एका वैद्यकीय सभेत चार्ल्स लोकॉक या प्रसूतितज्ज्ञाने (राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणांना हजर असलेला तोच) पाळीच्या सुमारास येणाऱ्या फिटवर पोटॅशियम ब्रोमाइड दिल्याचं सांगितलं. त्याची कारणमीमांसा चुकीची होती, पण ब्रोमाइड हे अपस्मारावर, म्हणजे फिटच्या आजारावर, खरोखर लागू पडलेलं पहिलं औषध ठरलं. म्हणजे तारखेकडे लक्ष गेल्यामुळे औषध हाती लागलं. पुढे १९९७ मध्ये अमेरिकन मेंदूविकारतज्ज्ञ अँड्र्यू हर्झोग यांनी या फिटचे तीन नमुने मांडले : पाळीच्या तीन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंत वाढणाऱ्या, चक्राच्या मध्यावर वाढणाऱ्या, आणि ज्या चक्रात बीजमोचन नीट होत नाही अशा चक्राच्या उत्तरार्धात वाढणाऱ्या. अपस्मार असलेल्या साधारण एक तृतीयांश बायकांमध्ये यातला एखादा नमुना दिसतो. मावशी पहिल्या नमुन्यातली.

कारण थोडक्यात असं. पाळीच्या चक्रातली दोन मुख्य हॉर्मोनं म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन. इस्ट्रोजेन मेंदूच्या पेशींना चेतवतं. प्रोजेस्टेरॉनपासून मेंदूत ॲलोप्रेग्नानोलोन नावाचा पदार्थ बनतो, तो 'गाबा-ए' ग्राहकांवर (पेशींवरच्या निरोप झेलणाऱ्या जागांवर) बसून पेशींना शांत ठेवतो. पाळीच्या तोंडावर प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं आणि गाडी उतारावर असतानाच ब्रेक सैल होतो. यात पाठ करण्यासारखं काही नाही. पण 'उतरतं' या क्रियापदाकडे नीट बघा. बऱ्याचदा परिणाम पातळीचा नसतो, पातळी बदलण्याचा असतो. पाळीच्या वेळची अर्धशिशीही इस्ट्रोजेन खाली येताना उठते. त्यामुळे एकदाच रक्त काढून काही सांगता येईल असं समजू नका.

आता रस्ता. गोव्यात जीवशास्त्र घेतलं की घरच्यांच्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी असतात, गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) नाहीतर समुद्र. गोमेकॉला नंबर लागला नाही की दोनापावलाच्या एनआयओकडे (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) बोट दाखवतात. दोन्ही चांगल्या जागा आहेत, पण मधली वाट कुणी दाखवत नाही. मी प्राणिशास्त्रात बीएस्सी-एमएस्सी केलं. जीवरसायनशास्त्र, फार्मसी, शरीरक्रियाशास्त्र यांतूनही येता येतं. एमबीबीएस करून येणाऱ्यांना रुग्णांपर्यंत पोहोचणं सोपं जातं, एवढंच. अडचण ही की हॉर्मोनचा पेपर वेगळा, चेतासंस्थेचा पेपर वेगळा, आणि दोन्ही शिकवणारे एकमेकांच्या वर्गात डोकावत नाहीत. जोडणी तुम्हालाच करावी लागते. आणि सांख्यिकी शिका. मी टाळली होती, नंतर पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी रात्री जागून शिकले.

पीएचडीसाठी शिष्यवृत्ती लागते. सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा वर्षातून दोनदा असते, तीत 'जेआरएफ' (कनिष्ठ संशोधक शिष्यवृत्ती) मिळाली तर पैसे तुमच्या नावावर येतात आणि मार्गदर्शक निवडण्याचं थोडं स्वातंत्र्यही. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या वेगळ्या शिष्यवृत्त्या आहेत. टीआयएफआर, एनसीबीएस वगैरे संशोधन संस्थांसाठी 'जीबिल्स' ही प्रवेशपरीक्षा आहे. मी नेट पहिल्या खेपेला नापास झाले. दुसऱ्यांदा पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बसून अभ्यास केला. तेव्हा ते मिनेझिस ब्रागांझाच्या इमारतीत होतं. नेटच्या 'क' विभागातले प्रश्न पाठांतराला दाद देत नाहीत. प्रयोगाचा आलेख देतात आणि विचारतात, यावरून काय म्हणता येईल आणि काय म्हणता येणार नाही. दुसऱ्या अर्ध्या प्रश्नाचा सराव करा.

जागा म्हणाल तर मेंदूच्या कामासाठी बेंगळुरूचं निम्हान्स आणि एनसीबीएस, मानेसरचं एनबीआरसी (राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र), मुंबईत टीआयएफआर. प्रजनन-हॉर्मोनच्या बाजूने यायचं तर परळची एनआयआरआरसीएच (प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्था). पुण्यात आयसर आहे. गोव्यात राहायचंच असेल तर ताळगावच्या पठारावरचं गोवा विद्यापीठ आणि झुआरीनगरचा बिट्सचा परिसर. पण संस्थेपेक्षा माणूस पाहा. ज्या प्रयोगशाळेत जायचं तिथल्या दोन विद्यार्थ्यांशी, मार्गदर्शक समोर नसताना, चहा पिता पिता बोला. "शेवटचा प्रयोग फसला तेव्हा सर काय म्हणाले?" एवढा एकच प्रश्न विचारा.

पैशाचं उघड बोलू. मी २०११ मध्ये पीएचडीला लागले तेव्हा जेआरएफ महिना १६,००० होती. २०१४ च्या ऑक्टोबरपासून २५,००० झाली, म्हणजे कागदावर झाली; माझ्या खात्यात फरक जमा व्हायला इतका वेळ लागला की मधल्या काळात मी भावाकडून उसने घेतले. २०२३ च्या जानेवारीपासून ती ३७,००० आहे, दोन वर्षांनी एसआरएफ (वरिष्ठ शिष्यवृत्ती) झाल्यावर ४२,०००. रक्कम वाढली तरी ती दर महिन्याच्या एक तारखेला येईल असं धरून मुंबईत भाड्याची खोली घेऊ नका. सहा महिन्यांचा खर्च बाजूला असू द्या.

पीएचडीच्या मुलाखतीत मला विचारलं गेलं, "मादी उंदीर कशाला? चक्रामुळे आकड्यांत नुसता गोंधळ. नर घ्या, काम लवकर होईल." विचारणारा माणूस वाईट नव्हता, सगळेच तसं म्हणत. त्याच वर्षी, २०११ मध्ये, बीरी आणि झुकर यांचा आढावा आला : चेताविज्ञानात केवळ नरांवर केलेले अभ्यास केवळ माद्यांवर केलेल्या अभ्यासांच्या साडेपाच पट होते. पुढे २०१४ मध्ये उंदरांवरच्या शेकडो प्रयोगांचे आकडे तपासून दाखवलं गेलं की चक्राकडे दुर्लक्ष केलं तरी माद्यांचे आकडे नरांपेक्षा जास्त विस्कळीत नसतात. २०१६ पासून अमेरिकेच्या एनआयएच या आरोग्य संशोधन संस्थेने दोन्ही लिंगांचा विचार करणं बंधनकारक केलं. तुम्ही आता येताय, तुम्हाला हे भांडण कमी लागेल. तरी लागेलच.

त्या 'गोंधळा'ची एक गोष्ट प्रत्येक नवख्याने वाचावी. १९९० मध्ये कॅथरीन वूली आणि ब्रूस मॅकईवन यांच्या गटाने मादी उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधल्या (मेंदूतला स्मृतीशी निगडित भाग) चेतापेशींवरचे काटे मोजले. काटे म्हणजे जिथे दुसऱ्या पेशीचा निरोप येऊन टेकतो ती टोकं. चक्राच्या एका दिवसातून दुसऱ्या दिवसात जाताना, चोवीस तासांत, त्यांची दाटी सुमारे ३० टक्के कमी झालेली दिसली. प्रौढ मेंदू घट्ट झालेला असतो असं मानण्याचे ते दिवस. माझ्या मते या विषयातला सर्वांत सुंदर प्रयोग हाच, आणि त्यासाठी लागलं काय? गॉल्जीचं शंभर वर्षं जुनं रंजन, सूक्ष्मदर्शक, आणि मादी आज चक्राच्या कोणत्या दिवशी आहे याची अचूक नोंद.

ती नोंद कशी करतात ते सांगते, कारण तुमचं पहिलं वर्ष त्यातच जाणार आहे. उंदराचं चक्र चार-पाच दिवसांचं, त्याचे टप्पे चार. रोज सकाळी ठरलेल्या वेळी योनिमार्गात सलाइनचा थेंब सोडायचा, परत ओढून काचपट्टीवर घ्यायचा आणि बघायचं. केंद्रक असलेल्या गोल पेशींचे पुंजके दिसले तर प्रोइस्ट्रस. केंद्रक नसलेल्या, वाळलेल्या पानासारख्या पेशी म्हणजे इस्ट्रस. दोन्हींची आणि पांढऱ्या पेशींची खिचडी म्हणजे मेटइस्ट्रस; नुसत्या पांढऱ्या पेशी म्हणजे डायइस्ट्रस. 'रोज' म्हणजे रोज. रविवार, शिगमो, मुंबईत पाणी तुंबलेला दिवस, सगळे धरून. सलग दोन-तीन चक्रं पाहिल्याशिवाय कोणतीही मादी 'नियमित' समजायची नाही. सुरुवातीला हात जोरात लागला तर उंदीर घाबरतो, घाबरला की कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं हॉर्मोन चढतं, आणि मग तुम्ही मोजताय ते स्वतःच्याच धसमुसळेपणाचं माप. महिनाभर नुसतं हाताळायला शिका. आमच्या प्राणीगृहातले सातारचे काका उंदराला असं उचलायचे की तो झोपेतून जागा होत नसे. मी त्यांच्याकडून शिकले तेवढं कुठल्याही पुस्तकातून शिकले नाही.

दुसऱ्या वर्षी एकदम माझ्या अर्ध्याहून जास्त माद्या इस्ट्रसमध्येच अडकून बसल्या. दिवसामागून दिवस तीच वाळकी पानं. मी खाद्य तपासलं, पाणी तपासलं, माझ्या हातालाच दोष दिला. शेवटी नोंदवही मागे मागे चाळत गेले तेव्हा बिघाड एका ठरावीक तारखेनंतर सुरू झालेला दिसला. त्याच दिवशी इलेक्ट्रिशियन येऊन गेला होता. दिव्याचा टायमर अडकला होता आणि खोलीत रात्रभर उजेड होता. सतत उजेडात ठेवलेल्या मादी उंदरांचं चक्र असंच थिजतं, हे पाठ्यपुस्तकात आहे, पण रात्री दहा वाजता प्राणीगृहात जाऊन बघायचं कुणाच्या डोक्यात येतं? चौदा माद्या बाद. तेव्हापासून माझ्या खोलीच्या दाराला एक वही बांधलेली असते, जो आत जाईल त्याने वेळ आणि काम लिहायचं, मग तो संचालक का असेना.

अशा चोरवाटा या विषयात खूप आहेत आणि त्या कुणी मुद्दाम बसून शिकवत नाही. पेशी वाढवण्याच्या द्रवातला गुलाबी रंग, फिनॉल रेड, स्वतःच कमजोर इस्ट्रोजेनसारखा वागतो. हे १९८६ मध्ये दाखवून झालंय, तरी मी चार महिने गुलाबी द्रव वापरला आणि 'काही न दिलेल्या' पेशी का फुलतायत म्हणून कपाळाला हात लावून बसले. बिनरंगी द्रव घ्या, सीरम कोळशाने हॉर्मोन काढून टाकलेलं घ्या. खाद्यात सोयाबीन असेल तर त्यातले वनस्पतिजन्य इस्ट्रोजेन उंदराच्या पोटात जातात, गोणीवरचं लेबल वाचा. पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत १९९८ मध्ये चुकीच्या साबणाने धुतल्यामुळे प्लॅस्टिकचे पिंजरे खराब झाले, त्यातून इस्ट्रोजेनसारखं वागणारं बिस्फिनॉल-ए पाझरलं आणि काही न दिलेल्या गटातल्या माद्यांच्या बीजपेशींतच दोष दिसू लागले. त्यांनी तो अपघात दडपला नाही, त्याचाच अभ्यास करून २००३ मध्ये छापला. इस्ट्राडायोल हे मुख्य इस्ट्रोजेन पाण्यात विरघळत नाही, तिळाच्या तेलात द्यावं लागतं. मग तुलनेच्या गटालाही तेवढंच तेल टोचायला विसरू नका.

मोजमापाबद्दल एकच गोष्ट, पण महत्त्वाची. आपण काढतो ते इस्ट्राडायोल मिलिलिटरला पिकोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या लाखकोटीव्या भागात. इतकं कमी काही मोजता येईल हे रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांच्या रेडिओइम्युनोअसेमुळे (प्रतिपिंडाने हॉर्मोन पकडून मोजण्याची पद्धत) शक्य झालं. यॅलो यांना १९७७ मध्ये नोबेल मिळालं तेव्हा बर्सन हयात नव्हते. आज तेच तत्त्व एलायझाच्या किटमध्ये आहे. पण किटमधलं प्रतिपिंड कधीकधी शेजारच्या हॉर्मोनलाही आपलंच समजतं. मी एकच नमुना दोन कंपन्यांच्या किटवर लावला तर आकडे दुप्पट-तिप्पट वेगळे. माणसाच्या रक्तासाठी बनवलेलं किट उंदरावर सरसकट चालवू नका, शक्य तिथे मास स्पेक्ट्रोमेट्रीने पडताळा घ्या. आणि वेळ लिहा. माणसाचं कॉर्टिसॉल सकाळी चढतं. उंदीर निशाचर, त्याचं कॉर्टिकोस्टेरॉन संध्याकाळी चढतं. सकाळी एका गटाचं रक्त आणि जेवून आल्यावर दुसऱ्या गटाचं काढलंत तर तुमचा शोध म्हणजे तुमच्या जेवणाच्या सुटीचा शोध.

आता जे सांगायला मला अजून जड जातं ते. माझा पीएचडीचा विषय होता डोक्याला मार लागल्यावर प्रोजेस्टेरॉनचा उपयोग. अमेरिकन शास्त्रज्ञ डोनाल्ड स्टाइन यांना मार लागलेल्या उंदरांत माद्या नरांपेक्षा लवकर सावरताना दिसल्या होत्या. प्रोजेस्टेरॉन चढलेलं असताना तर मेंदूची सूज आणखी कमी. तिथून वीस वर्षं एकामागून एक प्राण्यांवरचे प्रयोग यशस्वी होत गेले. माणसांवरच्या दोन छोट्या चाचण्याही आशादायक होत्या. मग मोठ्या चाचण्या झाल्या. २०१४ च्या डिसेंबरात दोन्हींचे निष्कर्ष एकदम आले : 'प्रोटेक्ट-३' मध्ये ८८२ रुग्ण, 'सिनॅप्स' मध्ये १,१९५. फायदा काहीही नाही. मी तेव्हा चौथ्या वर्षाला होते. प्रबंधाच्या प्रस्तावनेचं पहिलं वाक्यच "प्रोजेस्टेरॉन हे आश्वासक औषध" असं होतं. त्या संध्याकाळी मी आईला फोन केला आणि हवापाण्याचं बोलून ठेवून दिला.

दोन आठवड्यांनी नाताळच्या सुटीत घरी आले. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून परतताना बसमधून अपघात पाहिला, स्कूटर आणि पिकअप. उतरलेल्या लोकांत उभी असताना माझ्या डोक्यात चाललं होतं : माझे सगळे उंदीर एकाच वयाचे, एकाच जागी, एकाच जोराचा मार लागलेले, औषध तासाभरात. आणि हा माणूस? पन्नाशीचा, प्यालेला असू शकतो, साखर असू शकते, मार नेमका कुठे ते स्कॅन होईपर्यंत कळणार नाही, आणि गोमेकॉला पोहोचेपर्यंत घड्याळ कुठे असेल. चाचण्या का फसल्या याची एकच एक कारणमीमांसा आजही नाही. पण मी परत गेले ती प्रश्न बदलून. 'प्रोजेस्टेरॉन चालतं का' हे सोडलं आणि 'वेगवेगळ्या वेळी दिलं तर काय बदलतं' हे धरलं. माझ्या मार्गदर्शकांनी एवढंच म्हटलं, "आता प्रस्तावना खरी लिहिता येईल." प्रबंध २०१७ मध्ये झाला. आश्वासक शब्द त्यात नाही.

पोस्ट-डॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, जर्मनीत, मल्टिपल स्क्लेरॉसिसवर; यात शरीराची प्रतिकारशक्तीच चेतातंतूंच्या आवरणावर उलटते. त्याबद्दल लांबण लावत नाही. थंडी, ब्रेड आणि वेळेवर मिळणारे रसायनांचे डबे एवढं आठवतं. पण त्या आजाराने तारखेचा मुद्दा मला पुन्हा शिकवला. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांत दुपटी-तिपटीने जास्त. १९९८ मध्ये युरोपातल्या २५४ बायकांच्या गरोदरपणांचा अभ्यास छापून आला. आधीच्या वर्षात आजाराचे झटके दर बाईमागे वर्षाला ०.७ च्या दराने येत. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत तो दर ०.२ वर आला आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत १.२ वर गेला. गरोदरपणात चढणाऱ्या इस्ट्रिओल या इस्ट्रोजेनच्या प्रकारावर त्यातून पुढे लॉस एंजेलिसमध्ये रोंडा व्होस्कुल यांनी चाचण्या केल्या. औषधाच्या दुकानात अजून काही आलेलं नाही. या विषयात घाई असलेल्यांनी येऊ नये.

परत आले ती गोव्यातच. एका महाविद्यालयात शिकवते, छोटं नोंदणीकृत प्राणीगृह आहे, आणि अपस्मार असलेल्या बायकांवर रुग्णालयाबरोबर काम करते. प्राण्यांच्या कामासाठी संस्थेच्या नैतिकता समितीला किती प्राणी, का, आणि त्याहून कमी का चालणार नाहीत हे पटवून द्यावं लागतं. याला कटकट म्हणणारे विद्यार्थी मला नको असतात. तो अर्ज नीट लिहिला की अर्धा प्रबंध झाला. पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा उणे ८० चा फ्रीजर जनरेटरवर हवाच, आणि रात्री फोन वाजेल असा गजर हवा. मुंबईहून सुक्या बर्फात निघालेलं पार्सल शुक्रवारी मागवू नका. शनिवार-रविवार ते कुठल्यातरी गोदामात पाणी होऊन बसतं.

माणसांबरोबर काम करताना सगळ्यात जास्त अडले ती शब्दांशी. संमतिपत्र मराठीत केलं, त्यात 'अपस्माराचा झटका' लिहिलं. पेडण्याहून आलेल्या आजीने दोनदा वाचलं आणि म्हणाली, "हे माझ्या सुनेला नाही. तिला फिट येते." कुणी आकडी म्हणतं, कुणी मिरगी, आणि 'घुंवळ' या एका शब्दात साध्या चक्करपासून खऱ्या फिटपर्यंत सगळं बसतं. पाळीबद्दल विचारायचं तर त्याहून पंचाईत. सासू शेजारी बसलेली असताना "शेवटची पाळी कधी?" याला उत्तर "आठवत नाही" एवढंच येतं. "बाहेर बसणं कधी झालं?" असं विचारलं की काहींना बोलायला सोपं जातं, काहींना तो शब्दच खुपतो. मी आता कागद आणि पेन्सिल हातात देते, सासूबाईंना चहाला पाठवते आणि म्हणते, खुणा करा, नाव नको. तीन महिन्यांचे कागद घेऊन परत येतात तेव्हा निम्म्या जणी माझ्याआधीच काय ते ओळखून आलेल्या असतात.

तेव्हा त्यांना हेही सांगावं लागतं की कागद हे औषध नव्हे. चालू गोळ्या स्वतःहून कमी-जास्त करायच्या नाहीत, हॉर्मोनच्या तर मुळीच घ्यायच्या नाहीत. काही जुनी फिटची औषधं गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम उतरवतात; उलट इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या सुरू केल्या किंवा दिवस राहिले की लॅमोट्रिजिन या फिटच्या औषधाची रक्तातली पातळी घसरते. हा हिशेब डॉक्टरांचा. आणि प्रोजेस्टेरॉन? हर्झोग यांच्याच २०१२ च्या चाचणीत सरसकट सगळ्यांना फायदा दिसला नाही. ज्यांच्या फिट पाळीच्या आसपास ठळकपणे, तिप्पट किंवा जास्त वाढायच्या त्यांच्यात दिसला. खुणा नीट असल्याशिवाय त्या कोण हे कळणारच नाही.

एक इशारा देते, खास करून मुलग्यांना. 'हॉर्मोन' हा शब्द आपल्याकडे बाईचं म्हणणं उडवून लावायला फार सोयीचा पडतो. "काही नाही हो, हॉर्मोनमुळे होतं तिचं." बाळंतपणानंतर ॲलोप्रेग्नानोलोन कोसळतं हे खरं, त्याच रेणूचं औषधरूप असलेलं ब्रेक्सानोलोन २०१९ मध्ये अमेरिकेत बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी मंजूर झालं हेही खरं. पण आपल्याच गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २००२ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळलं, आणि त्याच्याशी जोडलेल्या गोष्टी होत्या गरिबी, नवऱ्याशी बिघडलेलं नातं आणि मुलगी झाल्याची खंत. दोन्ही निबंध शेजारी शेजारी ठेवून वाचा. ज्याला एकच पटतो त्याने माझ्याकडे येण्याआधी विचार करावा.

शेजारपाजारचे मात्र वेगळ्याच अपेक्षेने येतात. थायरॉइडचा रिपोर्ट घेऊन. "तू डॉक्टर ना गो?" मी डॉक्टर आहे, पण ती नव्हे, हे आईने आता स्वतःच सांगायला सुरुवात केली आहे. पन्नाशीतल्या बायका विचारतात, पाळी गेल्यावर हॉर्मोनच्या गोळ्या घेतल्या तर स्मृतिभ्रंश टळतो का. २००३ मध्ये अमेरिकेतल्या ४,५३२ बायकांच्या अभ्यासात एकत्रित गोळ्या घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण दुप्पट दिसलं : दर १०,००० बायकांमागे वर्षाला ४५, न घेणाऱ्यांत २२. पण त्या सगळ्या ६५ च्या पुढच्या होत्या. पन्नाशीत सुरू केल्या तर काय, यावर अजून वाद चालू आहे. म्हणजे पुन्हा तेच, कोणत्या वयात, कोणत्या वर्षी. मी त्यांना त्यांच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवते आणि सोलकढी पिऊन घरी येते.

मावशी आता सत्तरीला आली. पाळी गेल्यावर तिच्या फिट बऱ्याच कमी झाल्या. औषध चालू आहे. जुनी कालनिर्णयं तिने माळ्यावर ठेवली होती, मला एकोणीस वर्षांची सापडली, चार वाळवीने खाल्ली. वर्गात नव्या मुलांना मी त्यातलं एक पान दाखवते, दुधाच्या हिशेबासकट, आणि नमुना ओळखायला सांगते. मग ज्यांना अजूनही यायचं असतं त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला प्राणीगृहात बोलावते. नऊ म्हणजे नऊ. उंदरांना चवथीची (गणेशचतुर्थीची) सुटी नसते, त्यामुळे त्या दिवशी सकाळी कामाला कुणी यायचं यावर आमच्याकडे दरवर्षी चिठ्ठ्या टाकतात. यंदा घरी माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची आरास) बांधायची होती, मोदकांचं पुरण व्हायचं होतं, आणि चिठ्ठी माझ्याच नावाची निघाली.